एका विशेषणाचे पाणी

परभाषेतील शब्दांचेही पाहुण्यांसारखेच असते. काही दारातूनच काम सांगून परत फिरतात. काही ओसरीवर बसतात, पान-सुपारी घेतात आणि पुढे घरचेच होऊन जातात. आपल्याकडचे पाव, बटाटा, चावी आणि जनेल हे त्यांतलेच. पण क्वचित एखादा पाहुणा असा येतो की तो आपल्याच घरात कित्येक वर्षे सापडत नसलेली वस्तू सहज उचलून हाती ठेवतो. स्पॅनिश भाषेतील 'तेंप्लादो' हे विशेषण माझ्याकडे आले ते अशा पाहुण्याच्या पावलांनी.

गोमंतकात राहणाऱ्या माणसाचा स्पॅनिशशी संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध आला तो पोर्तुगीजमधून. आमच्या देवस्थानची जुनी दफ्तरे, महाजनांचे 'कोंप्रोमिस', जमिनीच्या नोंदी हे सारे त्या भाषेत असल्यामुळे ती शिकणे भाग पडले. आणि पोर्तुगीज आली की शेजारची स्पॅनिश अर्धीअधिक वाचता येते. उरलेल्या अर्ध्यासाठी कोश घ्यावा लागतो. अशा वाचनात एकदा 'तेंप्लादो' भेटला. पोर्तुगीजमधला त्याचा सख्खा भाऊ 'तेंपेरादु' मला ठाऊक होता. तो स्वयंपाकघरात वावरतो: ज्या पदार्थाला मीठमसाला नीट लागला आहे तो 'तेंपेरादु', आणि मसाल्याला म्हणायचे 'तेंपेरु'. म्हणून स्पॅनिश पुस्तकात एका माणसाला 'तेंप्लादो' म्हटलेले पाहून, हा गृहस्थ मसालेदार की काय, अशी मोठी मौज वाटली. कोश उघडला तर अर्थ निघाला: खाण्यापिण्यात व वासनांत संयम राखणारा, मित, आटोपशीर. त्याच नोंदीत थोडे खाली उतरलो तर दुसरा अर्थ दिसला: शांतपणे शूर असलेला. संयमी आणि शूर एकाच शब्दात कसे नांदतात, हे कोडे तेव्हापासून माझ्या मागे लागले.

दोघां भावांचे मूळ एकच आहे. लॅटिनमध्ये 'तेंपेरारे' असे क्रियापद आहे. योग्य प्रमाणात मिसळणे, आवरणे, व्यवस्थित राखणे, असे त्याचे अर्थ. रोमन लोक मद्य पीत ते पाणी मिसळून. निव्वळ मद्य ढोसणे त्यांना रानटीपणाचे लक्षण वाटे. ग्रीकांच्या 'सोफ्रोसिनी' या सद्गुणाला लॅटिनमध्ये काय म्हणावे, हा प्रश्न इ. स. पूर्व ४५ मध्ये 'टस्क्युलन संवाद' लिहिताना सिसेरोला पडला, तेव्हा एका शब्दाने भागेना म्हणून त्याने जे पर्याय पुढे केले त्यांत 'तेंपेरांतिया' हा होता. पुढे ख्रिस्ती धर्मशास्त्राने विवेक, न्याय आणि धैर्य यांच्या पंगतीत चौथा मुख्य सद्गुण म्हणून त्याला बसवले. युरोपातल्या चित्रकारांनी त्याची मूर्ती रंगवली ती एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतणाऱ्या स्त्रीच्या रूपाने. स्पेनच्या लोकांच्या तोंडी मधला स्वर गळाला, दोन 'र'कारांपैकी एकाचा 'ल' झाला आणि 'तेंपेरार'चे 'तेंप्लार' बनले. आपल्या लोकभाषेतही 'र' आणि 'ल' एकमेकांच्या जागा घेतात. तेव्हा त्यात आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही. या धातूपासून झालेले 'तेंप्ले' हे नाम मात्र नजरेला फसवते. आपल्या मंडळींना इंग्रजीच्या सवयीने तेथे देऊळ दिसेल. पण स्पॅनिश देवालय ते 'तेंप्लो', आणि 'तेंप्ले' म्हणजे मनाची धाटणी, तिचा कस.

माद्रिदची राजकीय अकादमी १७१३ मध्ये स्थापन झाली आणि १७२६ ते १७३९ या काळात तिने आपला पहिला कोश सहा खंडांत काढला. पण शब्द खरे राहतात ते कोशात नव्हे, लोकांच्या व्यवहारात. तेव्हा या विशेषणाला त्याच्या व्यवहारातच पाहिले पाहिजे.

पाण्यापासून आरंभ करू. अंगाला सोसेल असे पाणी ते 'आग्वा तेंप्लादा'. त्याच पाण्याला 'तिबिया', म्हणजे कोमट, असेही म्हणता येते. पाण्याच्या बाबतीत दोन्ही शब्द जवळजवळ सारखेच. पण माणसाला लावले की वाटा फुटतात. 'तिबियो' माणूस म्हणजे ज्याच्या श्रद्धेत ऊब नाही, प्रेमात ओढ नाही, जो इकडचा नाही नि तिकडचाही नाही. 'तेंप्लादो' माणूस तसा नव्हे. त्याच्यात आच आहे, पण ती त्याच्या ताब्यात आहे. हा भेद स्पॅनिश भाषेने इतक्या सहजतेने केला आहे की तिच्या बोलणाऱ्यांना तो केल्याचे भानही नसावे.

पाण्यानंतर हवामान. भूगोलात ज्याला आपण समशीतोष्ण कटिबंध म्हणतो तो साडेतेवीस आणि साडेसहासष्ट अक्षांशांमधला पट्टा स्पॅनिशमध्ये 'सोना तेंप्लादा' होतो. आमचा गोवा पंधराव्या अक्षांशावर, म्हणजे या पट्ट्याच्या बाहेर. स्पेन मात्र पुरता आत. तरीही तेथले लोक आपल्या पठारी मुलखाबद्दल थट्टेने म्हणतात की येथे नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. स्पॅनिशमध्ये हिवाळा आणि नरक या शब्दांत एका अक्षराचेच अंतर असल्यामुळे ती थट्टा अधिकच रंगते. एकंदरीत, ज्याला बाहेरून समशीतोष्ण म्हणतात त्याच्या आत टोकाचा उन्हाळा आणि टोकाची थंडी असू शकते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता लोहाराच्या शाळेत जाऊ. कारण या शब्दाचे मर्म मला तेथे सापडले. टोलेडो शहराच्या तलवारी शतकानुशतके नावाजलेल्या. त्यांच्या धारेचे श्रेय लोक तेथल्या ताहो नदीच्या पाण्याला देत आले. हीच नदी पुढे पोर्तुगालात शिरून लिस्बनपाशी 'तेजु' या नावाने समुद्राला मिळते, आणि ते नाव आमच्याकडील जुन्या पिढीला शालेय पुस्तकांतून पाठ होते. पोलादाचे पाते सुमारे ८०० अंशांपर्यंत लाल तापवतात आणि झटकन पाण्यात किंवा तेलात बुडवतात. या क्रियेला 'तेंप्लार' म्हणतात. पाते कठीण होते, पण ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा, पहिल्यापेक्षा पुष्कळ कमी आचेवर, ऊन करून हळूहळू निवू देतात. त्यामुळे थोडे काठिण्य जाते आणि चिवटपणा येतो. असे पोलाद वाकते, पण तुटत नाही. धार धरते, पण तिचे कपचे उडत नाहीत. 'आसेरो तेंप्लादो' म्हणजे हे पोलाद. येथे मर्यादित केल्याने वस्तू दुबळी झाली नाही. उलट मर्यादेनेच ती कामाची झाली.

वाचकांच्या मनात एव्हाना आपला मराठी शब्द उभा राहिलाच असेल. आपला लोहारही कोयत्याला 'पाणी देतो', आणि चांगले पाणी बसलेले पाते 'पाणीदार' होते. तेथून हा शब्द माणसाकडे आला: पाणीदार पोर, पाणीदार डोळे, एखाद्याचे पाणी जोखणे, वेळ आली की पाणी दाखवणे. पाणीदार म्हणजे तेजस्वी, मानी, कणखर. मराठीने लोहाराच्या पाण्यातून शौर्य तेवढे उचलले. संयम तेथेच भट्टीपाशी राहिला. स्पॅनिशने दोन्ही उचलले. माझ्या कोड्याचे उत्तर ते हे.

पण लोहारापाशी थांबून चालत नाही. संगीतकारानेही हा शब्द घेतला आहे. गिटारीच्या तारा सुरात लावणे म्हणजे 'तेंप्लार ला गितारा'. खुंटी पिळायची ती तार तुटेपर्यंत नव्हे, आणि सैल सोडायची ती सूर लोळेपर्यंत नव्हे. हे ऐकून कोणाही भारतीयाला बुद्ध आणि सोण यांची कथा आठवावी. अतिरेकी तपाने पायांतून रक्त आलेल्या सोणाला बुद्धांनी त्याच्या पूर्वायुष्यातील वीणेची आठवण दिली: तारा फार ताणल्या तर वाजेल का, फार सैल सोडल्या तर वाजेल का? गीतेच्या सहाव्या अध्यायात आहारविहाराच्या संदर्भात जो 'युक्त' शब्द येतो त्याचा धातूही जोडणे, जुळवणे याच अर्थाचा आहे. संध्याकाळी देवळात भजनाला बसण्यापूर्वी तंबोरा जुळवताना आमचे बुवा पाच-दहा मिनिटे घेत आणि अधीर मंडळी चुळबुळत. त्या पाच-दहा मिनिटांना नाव द्यायचे झाले तर मी 'तेंप्ले' म्हणेन.

या शब्दाचा एक उपयोग आपल्याला रुचणारा नाही. नंदीला नमस्कार करून गाभाऱ्याकडे वळणाऱ्या आपल्यासारख्यांना बैलाला मारण्याचा खेळ पाहवणार नाही; बैलांच्या झुंजींची 'धिरयो' आमच्याच गोव्यात न्यायालयाला १९९६ मध्ये बंद करावी लागली, हेही येथे विसरता येत नाही. तरी शब्दाचा मागोवा घेताना सांगितले पाहिजे की स्पेनच्या त्या रिंगणात 'तेंप्लार' ही एक कला गणली जाते. १८९२ ते १९६२ या काळात होऊन गेलेल्या हुआन बेल्मोंते या सेव्हिलच्या खेळाडूचे नाव तिच्याशी निगडित आहे. बैल धावून येतो तेव्हा हातातले वस्त्र त्याच्या वेगाशी जुळवून असे संथ फिरवायचे की त्याचा वेगच जणू मंद व्हावा. पळायचे नाही, आणि आदळायचेही नाही. खेळ त्याज्य खरा, पण धावून येणाऱ्या क्रोधाला आपल्या संथपणाने संथ करण्याची ती कल्पना रिंगणाबाहेर फार उपयोगी आहे.

उलटा शब्दही पाहण्याजोगा आहे. 'देस्तेंप्लादो' म्हणजे बेसूर वाद्य, कर्कश आवाज, लहरी हवा, आणि अंगात कणकण असलेला माणूस. आंबट खाऊन आपले दात आंबतात तसे दक्षिण अमेरिकेतील काही देशांत ते 'देस्तेंप्लादो' होतात. जुन्या काळी सैन्यातून एखाद्याला बेअब्रू करून हाकलताना नगाऱ्यांची कातडी सैल करून ते बद्द वाजवीत. तेव्हापासून कोणाला अपमान करून घालवले तर 'बेसूर नगाऱ्यांनी' घालवले असे म्हणतात. आणि पेरू देशात याच 'तेंप्लादो'चा अर्थ प्रेमात पडलेला! संयमाचा शब्द तेथे नेमका कोणत्या वाटेने प्रेमिकांच्या घरी गेला असेल याचा तर्क वाचकांनी आपल्या अनुभवाने करावा. तार ताणली जाते एवढे मात्र खरे.

संयमाला स्पॅनिशमध्ये आणखीही विशेषणे आहेत. 'कोमेदिदो' म्हणजे सभ्य, बेताने बोलणारा. लॅटिनमधील मोजण्याच्या धातूपासून हा शब्द झाला, आणि आपल्या 'मित' शब्दातील संस्कृत 'मा' धातू त्याच धातूचा सगोत्र. मितभाषी मराठी माणूस आणि 'कोमेदिदो' स्पॅनिश माणूस असे फार दूरचे चुलतभाऊ ठरतात. अमेरिकेतील स्पॅनिशमध्ये तर 'कोमेदिदो' म्हणजे न सांगता मदतीला धावणारा. दुसरा शब्द 'मोदेरादो'. याचे नशीब मात्र राजकारणाने बिघडवले. १८२० ते १८२३ या काळात स्पेनच्या उदारमतवाद्यांत दोन तट पडले: एक 'मोदेरादो', दुसरा 'एक्साल्तादो'. पुढे १८४४ ते १८५४ ही दहा वर्षे 'मोदेरादो' पक्षाचे राज्य होते आणि त्याचा सूत्रधार होता जनरल नार्वाएझ. त्याने वृत्तपत्रांची मुस्कटदाबी केली, १८४८ चे उठाव कठोरपणे चिरडले, मतदानाचा हक्क थोड्याशा श्रीमंतांपुरता ठेवला. नावात मर्यादा आणि हातात चाबूक, असे ते सौम्य राज्य!

आपल्याकडे याच्या नेमके उलटे घडले. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस दुभंगली आणि 'जहाल' व 'मवाळ' हे शब्द घरोघर पोचले. 'मवाळ' हा मुळात फार गोड शब्द. मवाळ ऊन, मवाळ भात, मवाळ स्वभाव. राजकारणाने त्यात लेचेपेचेपणा ओतला. आणि ज्यांना हे विशेषण चिकटले त्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचे आयुष्य पाहावे: १९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाज काढला तो आजन्म दारिद्र्याची शपथ घेणाऱ्या सेवकांसाठी, सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक त्यांनी १९११ मध्ये मांडले आणि १९१२ मध्ये ते फेटाळले गेले तरी आकडे व युक्तिवाद यांवरचा हात ढिला होऊ दिला नाही. १९१५ मध्ये ते गेले तेव्हा स्मशानात त्यांचा गौरव करायला उभे राहिले ते लोकमान्य टिळकच. या दोघांत पाणीदार कोण आणि मवाळ कोण, असा प्रश्न त्या क्षणी कोणी विचारला असता तर तो किती पोरकट ठरला असता! पण भाषेने मात्र तो भेद पक्का करून ठेवला. 'बेताचा' या शब्दाचेही तेच झाले. बेताने वागावे म्हणून वडीलधारे उपदेश करतात, आणि बेताची बुद्धी, बेताची परिस्थिती म्हणून आपण नाकही मुरडतो.

हा शब्दविचार मला पांडित्याच्या हौसेने सुचलेला नाही. त्याच्यामागे माझे वडील आहेत. १९८४ साली आमच्या देवस्थानच्या महाजनांची सभा भरली. जुना, लाकडी खांबांचा आणि कौलारू छपराचा सभामंडप पाडून सिमेंटचा मोठा मंडप बांधावा असा ठराव होता. जत्रेला गर्दी वाढली होती, छप्पर गळत होते. ठरावामागे कारणे नव्हती असे नाही. वडिलांचे म्हणणे वेगळे होते. खांब आतून पोखरले आहेत की नाहीत हे जाणत्या सुताराकडून तपासून घ्यावे, एक पावसाळा थांबावे आणि मग ठरवावे, एवढेच ते म्हणत. सभा तापली. कोणी हेतूंवर घसरले, कोणी घराण्यांवर गेले. वडील पुन्हा उभे राहिले आणि तेच वाक्य त्याच आवाजात बोलले. तिसऱ्यांदाही तसेच. ठराव मोठ्या बहुमताने संमत झाला. त्यांनी इतिवृत्तात आपला विरोध दोन ओळींत नोंदवला, सही केली. आणि जुने खांब विकू नयेत, एवढी एक विनंती केली. ती मान्य झाली. पुढे बांधकामाच्या निधीला त्यांनी आपल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली आणि सिमेंटची पोती मोजून घ्यायला ते रोज सकाळी देवळात जाऊन बसू लागले.

ठरावाच्या बाजूचे लोक त्यांना म्हणाले, "बाब, तुमी मवाळ मनीस." त्यात कौतुक होते. ठरावाच्या विरुद्ध बाजूचे लोकही त्यांना मवाळच म्हणाले; त्यात तिरस्कार होता. ज्याला विरोध केला त्याच कामावर पोती मोजायला बसणे म्हणजे शरण जाणे, असा त्यांचा हिशेब. वडिलांनी दोघांनाही उत्तर दिले नाही. देऊळ आपल्याला हवे तसे नाही म्हणून ते आपले नाही असे होत नाही, एवढे एकदा आईशी बोलताना ते म्हणाले होते. सहा खांब आजही अग्रशाळेच्या मागच्या खोलीत आडवे ठेवलेले आहेत. ते पोखरलेले होते की नव्हते, याचा निकाल कोणी लावला नाही.

त्यांना शोभेल असे विशेषण मी पुष्कळ शोधले. शांत म्हणावे तर त्यांचा हात सही करताना थरथरत होता. सहनशील म्हणावे तर त्यांनी ठराव सहन केला नाही, नोंदवून विरोध केला. मवाळ म्हणावे तर तीनदा उभे राहून एकच गोष्ट एकाच आवाजात सांगायला काय लागते ते भरलेल्या सभेत एकटे उभे राहिलेल्यालाच ठाऊक. पाणीदार म्हणावे, तर तो शब्द ऐकताच लोक उगारलेल्या हाताकडे पाहतात. वडील गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी परक्या कोशातील एका नोंदीत ते मला दोन्ही अर्थांनिशी भेटले.

हा शब्द मराठीत आणावा असा माझा आग्रह नाही. तो आपल्या तोंडी बसायचा नाही, आणि आपल्याजवळ सामग्री कमी आहे असेही नाही. 'पाणी देणे' हा आपला वाक्प्रयोग अजून जिवंत आहे. त्याच्यातली दुसरी, मंद आचेची क्रिया आपण विसरलो आहोत, एवढेच. पाते नुसते लाल करून बुडवले तर ते काचेसारखे फुटते, हे आपल्या लोहाराला ठाऊक आहे. आज देवस्थानांच्या सभा पूर्वीसारख्याच तापतात. शिवाय त्या सभागृहात संपत नाहीत, घरी आल्यावर खिशातल्या मोबाइलवर रात्री उशिरापर्यंत चालू राहतात. जो मोठ्याने बोलतो तो धर्माभिमानी आणि जो थांबा म्हणतो तो कोमट, अशी वाटणी तेथे फार लवकर होते. अशा वेळी थांबा म्हणणारा माणूस कोमट आहे की पाणी दिलेला आहे, हे त्याच्या आवाजाच्या पट्टीवरून ठरवू नये. तो आपले म्हणणे पुन्हा उभा राहून सांगतो का, विरोध आपल्या नावानिशी नोंदवतो का, आणि हरल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात येतो का, हे पाहावे. या तिन्ही गोष्टी जो करतो त्याला काय म्हणायचे ते आपल्या भाषेने अजून ठरवायचे आहे. तोवर निदान त्याला मवाळ म्हणण्याची घाई आपण करू नये.